मूत्रपिंडाचे दान आणि दात्याचा होकार

शस्त्रवैद्य रोग्याच्या अंगावर शस्त्र चालवितो ते त्या रोग्याच्याच हितासाठी, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा उच्चार करण्याचीही कोणास गरज वाटत नाही. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात मात्र शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन माणसे निजविली जातात. त्यांतले एक मरणाच्या दाराशी आलेले असते आणि दुसरे अगदी धडधाकट असते. या दुसऱ्या माणसास कसलाही रोग नाही, आणि व्हावयाच्या शस्त्रक्रियेने त्याच्या शरीरास कसलाही लाभ नाही. झालीच तर हानी आहे. मग त्याच्या अंगाला शस्त्र लावण्याचा अधिकार डॉक्टरास कोठून प्राप्त होतो? त्याच्या होकारातून, आणि केवळ होकारातूनच. तो होकार खरा असला तर दान, खोटा असला तर दुखापत; मधली पायरी नाही. या होकाराचा इतिहास आम्हांला येथे पाहावयाचा आहे. तो लांबलचक नाही, जेमतेम सत्तर वर्षांचा आहे. पण त्यात आपल्या घरांतल्या काही गोष्टी गुंतलेल्या आहेत, म्हणून तो पाहणे प्राप्त आहे.

आरंभ कायद्याच्या पोथीपासून केलेला बरा. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली. तिच्या ८८ व्या कलमाने शस्त्रवैद्यास संरक्षण दिले होते. रोग्याची संमती घेऊन, सद्भावनेने, रोग्याच्या हितासाठी केलेली शस्त्रक्रिया हा गुन्हा नव्हे, असे ते कलम. ९० व्या कलमात म्हटले होते की, भीतीपोटी दिलेली किंवा वस्तुस्थितीविषयी गैरसमजुतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे. आणि ९२ व्या कलमाखालील स्पष्टीकरणात एक छोटेसे वाक्य होते, त्याचा आशय असा की, नुसता पैशाचा लाभ हा या कलमांपुरता लाभ समजावयाचा नाही. मूत्रपिंड एका देहातून दुसऱ्या देहात नेता येईल हे ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्या काळी हित म्हणजे काय, भय म्हणजे काय आणि पैसा म्हणजे काय, या तिन्ही प्रश्नांना या कलमांनी हात घातला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, पण ही तत्त्वे तिच्यात जशीच्या तशी आहेत.

आता प्रत्यक्ष घटनांकडे वळू. १९५२ च्या डिसेंबरात पॅरिस येथे मारियुस रनार नावाचा सोळा वर्षांचा सुतारकाम करणारा मुलगा परांचीवरून पडला. त्याचे उजवे मूत्रपिंड फुटले म्हणून ते काढून टाकण्यात आले, आणि मग डॉक्टरांच्या ध्यानात आले की जन्मतःच त्याला ते एकच मूत्रपिंड होते. त्याच्या आईने आपले एक मूत्रपिंड घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लकडा लावला. तोवर जिवंत माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवून कोणी जगल्याचा दाखला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्येच शिरच्छेद झालेल्या गुन्हेगारांची मूत्रपिंडे वापरून प्रयोग झाले होते, तेही फसले होते. तरी नाताळच्या रात्री नेकर रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आईचे मूत्रपिंड मुलाच्या देहात चालू लागले आणि सुमारे तीन आठवडे चालले. पुढे मुलाच्या शरीराने ते झिडकारले आणि मुलगा गेला.

त्या आईला सर्व धोके समजावून सांगितले असते तर तिने नकार दिला असता काय? मुळीच नाही. तिला माहिती नको होती, मुलगा हवा होता. हा प्रश्न येथे नुसता मांडून ठेवतो.

दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक या तरुणास त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड याचे मूत्रपिंड बसविले. जुळे अगदी एकाच साच्याचे असल्यामुळे शरीराने ते झिडकारले नाही. यशस्वी झालेले हे पहिले प्रत्यारोपण. मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक पुस्तकांत ही हकीकत विज्ञानाचा विजय म्हणून येते. आम्हांला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेपूर्वी या डॉक्टरांनी निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांचा आणि कायदेपंडितांचा सल्ला घेतला. निरोगी माणसाला कापण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हे त्यांनी विचारले. रोनाल्डशी पुनःपुन्हा बोलणे केले. त्याच्यावरील शस्त्रक्रिया मरे यांनी केली नाही, ती डॉ. हार्टवेल हॅरिसन यांनी केली. म्हणजे रोग्याचा डॉक्टर वेगळा आणि दात्याचा डॉक्टर वेगळा. वकील जसा दोन्ही पक्षांचा नसतो, तसा डॉक्टरही असू नये, ही रीत पहिल्याच दिवशी पडली. रोनाल्डने विचारले की, पुढे जन्मभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी रुग्णालय घेईल काय? तशी लेखी हमी कोणी देऊ शकले नाही. हॅरिसन यांनी इतकेच विचारले की, तुला गरज पडली तर या खोलीतला कोणी तुला नाही म्हणेल असे तुला वाटते काय?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली की, तू येथून निघ आणि घरी जा. रोनाल्डने उलट कळविले की, मी आलो आहे आणि राहणार आहे. ज्याचा जीव जावयाचा त्यानेच दात्याला परतीची वाट मोकळी करून दिली, आणि दात्याने ती मोकळी वाट पाहून मग तिच्याकडे पाठ फिरविली. रोनाल्ड पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि २०१० साली एकूणऐंशी वर्षांचा होऊन वारला. रिचर्ड आठ वर्षे जगला.

१९५७ साली त्याच डॉक्टरांपुढे अल्पवयीन जुळे आले. त्या काळी तेथे एकवीस वर्षांखालील माणूस अज्ञान समजला जाई, म्हणून प्रकरणे मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात गेली. न्यायालयाने परवानगी दिली, पण कारण मोठे चमत्कारिक दिले. भाऊ मेला तर निरोगी भावाच्या मनावर जबर आघात होईल, सबब मूत्रपिंड देण्यात त्याचेच हित आहे! दात्याचे हित नाही हे सरळ कबूल करण्याऐवजी कायद्याने त्याचे हित शोधून काढले. योगायोग असा की त्याच साली कॅलिफोर्नियातील एका निराळ्या खटल्यात ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ हा शब्दप्रयोग न्यायाधीशांनी वापरला. आम्ही त्याला जाणती संमती म्हणतो. तेव्हापासून सर्वांची समजूत अशी झाली की, धोके समजावून सांगितले, कागदावर सही घेतली, की संमती पक्की झाली.

या समजुतीला धक्का दिला तो फेल्नर आणि मार्शल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी. त्यांनी मूत्रपिंड दिलेल्या माणसांना गाठून, तुम्ही निर्णय केव्हा घेतला, असे विचारले. बहुतेकांनी तो तत्क्षणी, भावाच्या किंवा आईच्या आजाराची वार्ता टेलिफोनवर ऐकतानाच घेतलेला होता. तपासण्या, समजावणी, सही हे सर्व नंतरचे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच जाणत्या संमतीला त्यांनी भ्रम म्हटले आहे. पॅरिसच्या त्या आईची आठवण येथे होते. जवळच्या माणसाचा होकार माहितीच्या आधी येतो. म्हणून नुसती माहिती किती दिली यावरून तो होकार खरा की खोटा हे ठरत नाही.

आपल्या देशात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला तो मृताच्या मूत्रपिंडाने. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली झाले. त्या पहिल्या वर्षांत दाते रक्ताच्या नात्यातले असत, कारण परक्याचे मूत्रपिंड टिकतच नसे. पुढे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले आणि १९८३ च्या सुमारास ते बाजारात आले. शरीराचा विरोध दाबून टाकणारे हे औषध हाती येताच परक्याचे मूत्रपिंडही चालू लागले, आणि जे चालते ते विकतही मिळू लागले. मुंबई आणि मद्रास ही या बाजाराची मोठी ठाणी. आखाती देशांतले रोगी मुंबईस येत आणि विकत घेतलेले मूत्रपिंड घेऊन परत जात. अशा सव्वाशेहून अधिक रोग्यांची हकीकत १९९० साली ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकात आली. त्यांतले कितीतरी लवकरच दगावले होते. विकणाऱ्यांचे पुढे काय झाले याची विचारपूस मात्र त्या काळी फारशी कोणी केली नाही.

या बाजाराला आळा घालणारा केंद्राचा कायदा ८ जुलै १९९४ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्यांनी ठराव करून संसदेस तशी विनंती करावी लागते. सुरुवातीला महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीनच राज्यांना तो लागू झाला. म्हणजे नागपूर पहिल्या दिवसापासून या कायद्याखाली आहे. कायद्याने खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. नवरा-बायको, आईबाप, मुले, भावंडे यांना ‘जवळचे नातेवाईक’ म्हटले. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजीआजोबा आणि नातवंडे आली. बाहेरचा दाता केवळ प्रेमामुळे, ओढीमुळे किंवा विशेष कारणाने देत आहे अशी अधिकृत समितीची खात्री पटली तरच परवानगी. १२ व्या कलमाने दात्यास सर्व परिणाम आणि धोके समजावून सांगण्याचे बंधन डॉक्टरावर घातले.

विकणाऱ्यांचा हिशेब पुढे एकदाचा लागला. चेन्नईत २००१ साली मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी झाली. शंभरातल्या शहाण्णवांनी कर्ज फेडण्यासाठी विकले होते. सरासरीने १,४१० डॉलर कबूल झाले होते, हाती आले १,०७०. कर्जापायी विकणाऱ्यांपैकी शेकडा ७४ त्या वेळीही कर्जातच होते. कुटुंबाचे उत्पन्न एक तृतीयांशाने घटले होते. शेकडा ८६ जणांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. शेकडा ७९ जण म्हणाले की, दुसऱ्या कोणास आम्ही असे करण्याचा सल्ला देणार नाही. दुसऱ्यांदा विचारले असता जो होकार नकारात बदलतो, तो पहिल्यांदा तरी कितपत होकार होता?

कायदा झाला तरी बाजार मेला नाही. त्याने सोंग बदलले. परक्याला समितीपुढे उभे राहावे लागते, नातेवाइकाची वाट त्या मानाने सोपी. तेव्हा मूत्रपिंडाबरोबर नातेही विकत मिळू लागले. मुंबईत पवई येथे २०१६ च्या जुलैत एक शस्त्रक्रिया अगदी ऐन वेळी थांबविण्यात आली, कारण रोग्याची पत्नी म्हणून आलेली बाई पत्नी नसल्याचे उघडकीस आले. पुण्यात २०२२ साली तर कोल्हापूरकडच्या एका बाईने, पत्नी म्हणून दाखवून आपले मूत्रपिंड घेतले आणि कबूल केलेले पंधरा लाख दिले नाहीत, अशी स्वतःच तक्रार केली. या प्रकरणांत कागद पाहिले तर सगळे यथासांग होते: विवाहाचा दाखला, ओळखपत्र, संमतीपत्र, सही. आणि आपल्या दारातली गोष्ट म्हणजे, २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची हकीकत वृत्तपत्रांत आली. त्याच्या सांगण्याप्रमाणे सावकाराचे एक लाखाचे कर्ज चढत चढत चौऱ्याहत्तर लाखांवर गेले, आणि त्याने कंबोडियात जाऊन आठ लाखांना मूत्रपिंड विकले. आठ लाखांत चौऱ्याहत्तर लाख कसे फिटावयाचे, हा हिशेब त्यालाही येत असणारच. ९० व्या कलमातली ‘भीती’ ती हीच, फक्त ती घालणारा शस्त्रक्रियेच्या खोलीत नसतो.

इथवर सुशिक्षित श्रोत्यांची मान डोलते. बाजार वाईट, दलाल वाईट, सावकार वाईट. पण नागपुरात, रामदासपेठ-धंतोलीच्या रुग्णालयांत काय किंवा ‘मेडिकल’च्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात काय, जी जिवंत दात्यांची प्रत्यारोपणे होतात, ती मुख्यतः घरातल्या घरात होतात. सुपर स्पेशालिटीत ही सोय २०१६ साली झाली आणि गरिबांना तिचा मोठा आधार झाला, हे निर्विवाद आहे. पण घरातला होकार तपासून पाहण्याची आपणांस सवय नाही. तेथे पैसा नसतो, प्रेम असते. आणि जेथे प्रेम आहे तेथे जबरदस्ती कशी असेल, असे आपण धरून चालतो.

अवयवदानाच्या प्रत्येक सभेत दधीचीचे नाव घेतले जाते. दधीचीविषयी आम्हांला आदरच आहे, पण या विषयाला जवळची कथा त्याची नव्हे; ययातीची आहे. खांडेकरांच्या कादंबरीने ती घरोघर पोचविली आहे, तरी येथे आम्हांला मूळ महाभारतातला प्रसंग अभिप्रेत आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा मुलांपाशी तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू एकामागून एक नाही म्हणतात. त्या प्रत्येकास बाप शाप देतो. मग धाकट्या पुरूची पाळी येते. पुरू हो म्हणतो आणि राज्य मिळवितो. पुरूच्या पितृभक्तीची स्तुती आजवर सर्वांनी केली. पण चार भावांना शाप मिळालेले पाहून पाचव्याने दिलेल्या होकाराला काय म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडे फार थोड्यांनी विचारला. पुरू खरोखरच स्वेच्छेने हो म्हणाला असेलही. आमचे म्हणणे एवढेच की, ते त्याला स्वतःला तरी कळणे शक्य होते काय? बोस्टनच्या रिचर्डने भावाला घरी जावयास सांगितले होते. ययातीने सांगितले नाही.

आता काही आकडे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ज्या ३६,६४० प्रत्यारोपणांची नोंद राष्ट्रीय संस्थेने दिली, त्यांपैकी २९,६९५ पुरुषांना आणि ६,९४५ स्त्रियांना झाली. २०१९ सालच्या माहितीवरून असे दिसले की, जिवंत दात्यांत दर पाचांतल्या चार स्त्रिया आणि अवयव मिळणाऱ्यांत दर पाचांतले चार पुरुष. घरात आजारी पडलेल्याला द्यावयाचे म्हणजे आईने द्यावे, बायकोने द्यावे, बहिणीने द्यावे. भाऊ कमावता, त्याची सुट्टी बुडेल, वडिलांना रक्तदाब, बायको तर घरीच असते. हे वाक्य उद्धटपणे कोणी बोलत नाही. चहा घेता घेता, काळजीच्या स्वरात, ‘वहिनींचं रक्त जुळतं म्हणे’ एवढेच कोणी म्हणतो, आणि सगळी बैठक गप्प होते. त्या शांततेत ‘नाही’ म्हणावयास किती बळ लागेल, याचा विचार करावा. नवऱ्याला किंवा भावाला जी मनापासून मूत्रपिंड देते तिच्या मोठेपणाला यामुळे कमीपणा येत नाही. उलट, ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल तर तिच्या ‘हो’चे मोल ओळखावयास जागाच राहत नाही.

कायद्याने या बाबतीत अगदीच डोळे मिटलेले नाहीत. २०१४ च्या नियमांत असे आहे की, दाता स्त्री असेल तर अधिक सावधगिरी बाळगावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रोगी सोडून अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. नियम चांगला आहे. पण ती ‘अन्य व्यक्ती’ दीर किंवा सासरा असली तर शब्द पाळला जातो आणि हेतू बुडतो. पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांनी यावर फार पूर्वी एक तोड काढली. दात्याला एकटे बसवून विचारतात. तो मागे हटला तर घरच्यांना एवढेच सांगतात की, हा दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. हे बोलणे सत्य की असत्य, यावर नीतिशास्त्रज्ञांत वाद आहे, आणि असला वाद व्हावा हे ठीकच. पण ज्या घरात नकाराला शाप आहे त्या घरात ही एक पळवाट ठेवणे आम्हांला खोटेपणापेक्षा दयेचे काम वाटते.

माहितीचे काय, असे कोणी विचारील. माहिती हवीच, आणि ती ताजी हवी. कारण तिचाही इतिहास आहे. कितीतरी वर्षे दात्यांना सांगत की, एका मूत्रपिंडावर माणूस पूर्ण आयुष्य सुखाने काढतो. २००९ साली मिनेसोटातील दात्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दाते सर्वसाधारण लोकांइतकेच जगतात असे दिसले. पण दाते मुळात निवडून घेतलेले निरोगी लोक. त्यांची तुलना तशाच निरोगी लोकांशी करावयास हवी. २०१४ साली अमेरिकेत तशी तुलना झाली. पंधरा वर्षांत दर दहा हजार दात्यांमागे सुमारे एकतीस जणांची मूत्रपिंडे निकामी झाली. तितक्याच निरोगी, पण दान न केलेल्या लोकांत हे प्रमाण सुमारे चार होते. धोका लहानच, पण शून्य नव्हे. २०१५ साली कॅनडातील पाहणीत आढळले की, मूत्रपिंड दिलेल्या स्त्रियांना पुढील गरोदरपणी रक्तदाबाचा त्रास शंभरांत अकरा जणींना झाला, न दिलेल्यांत पाच जणींना. म्हणजे २००० साली सही केलेल्या तरुण बायकोला हा शेवटचा आकडा कोणी सांगूच शकत नव्हते. आज सही करणारीला तो न सांगणे अक्षम्य आहे. कर्णाला निदान सूर्याने आदल्या रात्री स्वप्नात येऊन सांगितले होते की, उद्या ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येणार आहे आणि कवचकुंडले गेली तर तुझा जीव धोक्यात आहे. त्याने दिली ती जाणून दिली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका स्त्रीरोगशास्त्राच्या प्रकरणात संमतीचा विचार केला. रोग्याला निर्णय घेता येईल इतकी पुरेशी माहिती हवी आणि संमती स्वेच्छेची हवी, असे म्हणताना, अमेरिकेइतका तपशील सांगण्याची अपेक्षा न्यायालयाने येथल्या डॉक्टरांकडून धरली नाही. उपचाराच्या बाबतीत ते व्यवहाराला धरून असेल. दात्याच्या बाबतीत मात्र हा मोजका हिशेब आम्हांला पुरेसा वाटत नाही, कारण दाता रोगी नव्हेच.

नागपूरला आणखी एक अडचण आहे, ती मुंबई-पुण्यापेक्षा निराळी. येथल्या रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियाकडून, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडून आणि छत्तीसगडातून रोगी येतात. दाता म्हणून आलेल्या बाईची घरची भाषा गोंडी असते, हलबी असते, छत्तीसगढी असते. डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत विचारतात, कागद बहुधा इंग्रजीत असतो, आणि मध्ये दुभाषा म्हणून उभा असतो तो रोग्याचा भाऊ. त्याने विचारलेला प्रश्न काय होता आणि तिने दिलेले उत्तर काय होते, हे खोलीतल्या तिसऱ्या कोणाला कळत नाही. नोंदवहीत मात्र ‘संमती दिली’ असे लिहिले जाते. हा दुभाषा रुग्णालयाने आणावा, घरच्यांनी नव्हे. तिला एकदा एकटीला विचारावे, आठ दिवसांनी पुन्हा एकटीला विचारावे, आणि दुसऱ्यांदा ती गप्प बसली तर त्या गप्प बसण्याला होकार समजू नये. याला नवा कायदा लागत नाही, २०१४ चा नियम पुरतो; एक वेगळी खोली आणि तिची भाषा जाणणारी एक परिचारिका एवढेच लागते.